शेवटच्या कडव्यातलं नाव

माझ्या मुलीच्या खोलीची भिंत आणि आमच्या हॉलची भिंत एकच आहे. इथे न्यूझीलंडमध्ये, अप्पर हटला, घरं लाकडी, भिंती पातळ, पलीकडे कोणी शिंकलं तरी अलीकडे कळतं. मागच्या वर्षी त्या भिंतीतून महिनोन्‌महिने एकच आवाज यायचा. एक कोरियन मुलगा दबक्या आवाजात भराभर काहीतरी बोलतोय, मागे संथ ठेका, मध्येच कुठेतरी शटर ओढल्याचा खडखडाट, आणि पुन्हा बोलणं. मुलगी पंधरा वर्षांची. शाळेतून आली की दार बंद आणि फोनवर हा सुरू. मी वेलिंग्टनहून ट्रेनने दमून यायचो, बूट काढायचो आणि दारावर थाप मारून म्हणायचो, "अगं, तो रडतोय की भांडतोय ते एकदाचं ठरवू दे त्याला."

मी मुळात चिडका माणूस आहे. बायको इथल्या हॉस्पिटलात नर्स, तिच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे संध्याकाळी घरात मुलगी आणि मीच असायचो, आणि आमच्यात भिंतीपलीकडचा तो मुलगा. त्या घरात दादा आले. दादा म्हणजे माझे वडील. आईला जाऊन आठ महिने झाले होते. देहूरोडच्या घरात ते एकटेच उरले होते. सकाळी चहा दोन कप टाकतात आणि एक ओतून देतात, असं शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं. मी व्हिसाचे कागद केले आणि ऑक्टोबरात त्यांना घेऊन आलो.

आणायला मी घाबरत होतो. कारण घरात एक गोष्ट होती जी मी मुलीला सांगितली नव्हती आणि दादांना कळू द्यायची नव्हती. ती म्हणजे आमचं आडनाव, आणि ते मी का काढलं.

आम्ही बौद्ध. आमचं आडनाव असं आहे की ते ऐकलं की महाराष्ट्रातल्या माणसाला पुढचं काही विचारावं लागत नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी हॉस्टेल सुटलं आणि मी पुण्यात पेठेत खोली बघत फिरत होतो. दोन घरी सगळं ठरलं. किल्ली कुठली, पाणी किती वाजता येतं, सगळं. मग नाव विचारलं, आणि दोन्हीकडे नेमका त्याच दिवशी भाचा येणार असल्याचं निघालं. घरी जाऊन दादांना सांगितलं, खोल्या अंधाऱ्या होत्या. दादा म्हणाले, "मग नकोच. डोळे जातात." पुढच्या दोन महिन्यांत मी गॅझेटमध्ये नाव बदलून घेतलं. आडनाव काढून टाकलं आणि त्या जागी दादांचं पहिलं नाव लावलं. त्यांना कारण दिलं की हल्ली सगळे फॉर्म कॉम्प्युटरवर असतात, असं नाव सोपं पडतं.

दादांनी ते पचवलं, एवढंच नाही, तर डोक्यावर घेतलं. आठवड्याभरात सगळ्या वस्तीला ठाऊक झालं की पोराने आडनावाच्या जागी बापाचं नाव लावलंय. दादांनी जिलेबी वाटली. लोक मला रस्त्यात थांबवून म्हणायचे, असा मुलगा पाहिजे. मी मान खाली घालायचो. ते त्याला विनय समजायचे. आईसुद्धा एकदा डोळे पुसत म्हणाली, "बापाचं नाव एवढं मोठं केलंस रे." तिलाही मी खरं सांगितलं नाही. ती गेलीसुद्धा तसंच समजून.

तर दादांचं पहिलं नाव हे माझ्या मुलीचं आडनाव. ते आडनाव कसं झालं हे तिला ठाऊक नव्हतं आणि तिने कधी विचारलंही नव्हतं.

दादा आले त्याच्या दुसऱ्या महिन्यात शाळेत बक्षीस समारंभ होता. हिला संगीताच्या विषयात सर्टिफिकेट होतं. बायको, दादा आणि मी शेवटून तिसऱ्या रांगेत बसलो. बाकीच्या मुलामुलींची नावं पुकारली की त्यांचे मित्र शिट्ट्या मारायचे, ओरडायचे. मुख्याध्यापिकेने हिचं नाव घेतलं, जड जिभेने, तुकडे पाडत, आणि टाळ्या पडल्या त्या फक्त रीतीपुरत्या. कोणी ओरडलं नाही. आणि आमच्या रांगेत दादा उभे राहिले. नाव कानावर आलं आणि उठले. लष्कराच्या डेपोत तीस वर्षं हजेरीला उठले होते, ते अंगात भिनलेलं. "हजर," असंही म्हणाले असते, मी शर्ट ओढून खाली बसवलं म्हणून राहिलं. पुढच्या बायका मागे वळून हसल्या. स्टेजवरून मुलीने ते पाहिलं आणि तीही हसली. कित्येक महिन्यांत ती तशी हसलेली मी पाहिली नव्हती. घरी येईपर्यंत दादा गाडीत म्हणत होते, "माझं नाव घेतलं बाईने. माइकवर." मी गाडी चालवत राहिलो. लाजेने माझे कान तापले होते, आणि ते अंधारात दिसत नाही याचं बरं वाटत होतं.

दादा दिवसभर एकटेच असायचे. सकाळी हट नदीच्या काठाने फिरून यायचे, कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथलं दूध-पावाचं दुकान, दूध आणायचे. येणाराजाणारा 'किया ओरा' म्हणतो, म्हणजे माओरी भाषेतला नमस्कार, हे त्यांना फार आवडलं. मला म्हणाले, "बघ, अनोळखी माणसालासुद्धा जयभीम घालतात." मग तेही सगळ्यांना किया ओरा म्हणायला लागले, कुत्री फिरवणाऱ्या म्हाताऱ्यांना, पोस्टमनला. पण संध्याकाळी घरात शिरलो की दिसायचं, टीव्ही बंद, हातात आईचा चष्मा, आणि खिडकीबाहेर डोंगर. "काय दादा?" "काही नाही. पुसत होतो."

डिसेंबरात एका मराठी कुटुंबाला जेवायला बोलावलं होतं. इथे आम्ही आठ-दहा घरं आहोत, एकमेकांकडे जाणंयेणं आहे. नव्या माणसाला पहिला प्रश्न, मूळचे कुठले, आणि दुसरा, आडनाव काय. माझं ऐकून लोक गोंधळतात. एकदा कोणीतरी म्हणालं, "हे आडनाव कोकणातलं का हो?" आणि मी हसलो. नाही म्हणालो नाही, हो म्हणालो नाही. तेवढ्यावर सोळा वर्षं निभावली. बुद्धाची मूर्ती हॉलमध्ये बिनधास्त असते. ती इथे गोऱ्यांच्या बागेतही असते, शोभेची म्हणून खपते. पण तिच्या शेजारचा निळ्या कोटातला फोटो सगळं सांगून टाकतो. पाहुणे यायचे म्हटलं की मी तो काढून बेडरूममध्ये कपाटावर ठेवायचो. बायकोला ते बिलकुल पटायचं नाही, पहिल्या वर्षी आमची त्यावरून भांडणं झाली, मग ती त्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेरच यायची नाही.

त्या संध्याकाळी मी फोटो काढला आणि वळलो तर दारात दादा. धुतलेला पांढरा शर्ट घालून, केस विंचरून. मी फोटो छातीशी धरून उभा. दादाच म्हणाले, "काच पुसायला घेतलीस का?"

"हो," मी म्हणालो.

"पुस. धूळ बसते."

जेवताना त्यांचा फोन वाजला. वस्तीतल्या त्यांच्या मित्राचा होता. दादा जन्मात फोनवर आधी जयभीम म्हणाल्याशिवाय दुसरा शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांनी फोन कानाला लावला, पाहुण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हॅलो." मग उठून बाहेर ओट्यावर गेले. मला त्या वेळी हायसं वाटलं. हे लिहिताना मला माझा राग येतो, पण वाटलं ते असंच.

त्यानंतरच्या रविवारी त्या कोरियन मुलाच्या अल्बमचं झालं.

दुपारची जेवणं झाली होती. बायको ड्युटीवर. भिंतीतून तो कोरियन मुलगा चालूच होता. दादा डायनिंग टेबलाशी बसले होते आणि त्यांची बोटं टेबलावर ठेका धरत होती. दादा तरुणपणी वस्तीच्या गायन पार्टीत होते. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला पार्टी गावोगाव जायची. दादा मुख्य गायक नव्हते. ते झीलकरी. म्हणजे पुढचा गायक ओळ टाकतो आणि मागचे तिचं शेपूट उचलून घोळवतात, ती झील धरायची. ते भिंतीकडे बघत मला म्हणाले, "बोलाव तिला. हा काय सांगतोय ते विचारू."

मला वाटलं येणार नाही. ती आली, फोन घेऊन. आमची मुलगी मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. इथली सगळीच मुलं तशी. मी धरून चाललो होतो की समजते म्हणजे जेवायला ये, कपडे उचल, एवढं. दादांचं इंग्रजी म्हणजे डेपोतल्या पावत्यांचं. तेव्हा दुभाष्या मी. ती फोनवर गाण्याचा इंग्रजी अनुवाद वाचणार, मी दादांना मराठीत सांगणार, दादा विचारतील ते तिला इंग्रजीत. कोरियाहून निघालेलं गाणं आमच्या टेबलावर असं दोनदा गाडी बदलून पोचायला लागलं.

तो मुलगा, ती म्हणाली, एका मोठ्या गाणाऱ्या ग्रुपमधला. पोरवयात घरातून उचलून राजधानीत आणला. बंदरावरच्या गावचा, आई मासळीबाजारात बसायची, तो शटरचा आवाज तिथलाच. ग्रुप चालवणाऱ्या कंपनीने त्याला सांगितलं, नाव बदल, गावाचं बोलू नकोस. आता लाखो लोक त्याला त्या दिलेल्या नावाने हाका मारतात. आणि हा अल्बम त्याने एकट्याने केलाय. ग्रुपमधला कोणी नाही.

"कोरस कोण धरतं मग?" दादांनी विचारलं.

"कोणीच नाही," ती म्हणाली. "मागचे सगळे आवाज त्याचेच आहेत."

मी ते सांगितल्यावर दादांनी बोटांचा ठेका थांबवला. मग म्हणाले, "वाईट आहे रे. स्वतःच गायचं आणि स्वतःच झील धरायची."

पुढच्या गाण्यात तो कार्यक्रम संपल्यावर रिकाम्या खोलीत एकटा जेवतो. तिने ते वाचलं आणि हळूच, फोनवरून नजर न उचलता म्हणाली, "सेम." मग आणखी म्हणाली की सहा महिने झाले, ती शाळेत डबा लायब्ररीत बसून खाते. मैत्रिणींनी तिला ग्रुपमधून काढलं. कारण काहीच नाही, काढलं.

सहा महिने. मी रोज विचारत होतो, "शाळा कशी झाली," आणि ती रोज म्हणत होती, "गुड."

"काय म्हणाली?" दादांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "गाण्यातलंच."

शेवटचं गाणं आलं. दादांनी विचारलं, "शेवटच्या कडव्यात नाव घातलंय का त्याने?" आमच्या गाण्यांची तशी रीत आहे. शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. दादा म्हणायचे, त्याने गाणं चोरीला जात नाही, कुठेही गेलं तरी आपल्या माणसाचं राहतं. मी तिला विचारलं आणि ती एकदम खुर्चीत सरळ झाली. म्हणाली, हे त्यांना कसं कळलं? शेवटच्या गाण्यात तो पहिल्यांदा स्वतःचं खरं नाव घेतो, आईवडिलांनी ठेवलेलं, आडनावासकट, अख्ख्या अल्बममध्ये एकदाच. आणि नंतर जवळजवळ मिनिटभर नुसता ठेका वाजत राहतो.

तिने ते लावलं. आम्ही तिघांनी ऐकलं. एक नाव, आणि मग मोकळा ठेका.

"पुढे जागा का सोडलीय?" दादा.

"लोक म्हणतात, ऐकणाऱ्याने आपलं नाव घ्यावं म्हणून," ती.

दादा हसले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मग तिला सांग की आपलं मूळ आडनाव काय ते. पूर्ण नाव घेऊ दे तिला. तिच्या बापाने ते काढून माझं नाव लावलं, तेही सांग. तिला कळलं पाहिजे."

ती माझ्याकडे बघत होती. मला फक्त एक शब्द उच्चारायचा होता. तो उच्चारला की ती म्हणणार, का काढलं? आणि तिला काय सांगू? दादांच्या समोर, दोन खोल्या आणि दोन भाचे? मी पाण्याचा घोट घेतला आणि तिला इंग्रजीत म्हणालो, "आजोबांना शेवट आवडला."

ती क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "ओके," म्हणाली आणि फोन घेऊन उठली.

दादा म्हणाले, "सांगितलंस?"

"सांगितलं."

त्यांनी मान हलवली.

नाताळची सुटी संपून शाळा सुरू झाली तेव्हापासून दादा दुपारी तीनच्या आधी घरातून निघायला लागले. शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहायचे आणि दोघं नदीकाठाने चालत घरी यायचे. लायब्ररीचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं, तरी ते तिथे कसे जाऊन उभे राहिले, हा विचार मी केला नाही. म्हाताऱ्याला विरंगुळा, एवढंच वाटलं. एकदा मी लवकर सुटलो आणि स्टेशनवरून नदीकडून आलो तर समोर दोघं. दादांच्या पायात जँडल्स, इथे स्लिपरला तसं म्हणतात, तिनेच घेऊन दिलेल्या. इयरफोनची एक गुंडी तिच्या कानात, एक दादांच्या. दादांचा हात मांडीवर ठेका देतोय. दोघांना बोलायला भाषा कुठली, मी मनात म्हटलं, आणि मला हसू आलं. मी हाक मारली नाही. लांबून मागे मागे चाललो.

घरात भिंतीतून येणारा आवाज कमी झाला होता. मुलगी जेवताना टेबलावर यायला लागली होती. शाळेत एक नवी मैत्रीण झाली, सामोअन, तिच्याविषयी "शी इज हीप्स फनी", म्हणजे भलतीच गमतीदार, म्हणून सांगायला लागली. मार्चच्या शेवटी दादांचा व्हिसा संपला. वेलिंग्टन विमानतळावर वारा असा की बोलणं ऐकू येईना. दादांनी तिला जवळ घेतलं, तिच्या कानात काही म्हणाले. मला म्हणाले, "पुढच्या वर्षी येतो. फोटो पुसत जा." मी त्यांच्या पाया पडलो. त्या घटकेलाही मी सांगू शकलो असतो. फ्लाइटला वेळ होता, कॉफीचं दुकान होतं, दोन खुर्च्या होत्या. मी त्यांना पाण्याची बाटली घेऊन दिली.

जूनमध्ये दादा गेले. सकाळी दूध आणायला निघाले आणि गेटपाशीच बसले, ते उठलेच नाहीत. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मला मिळालं ते पुण्यानुमोदन. पांढरी चादर, मेणबत्त्या, फुलांमध्ये दादांचा फोटो, त्रिशरण, पंचशील, आणि मग एकेक माणूस उठून बोलायला लागला. गायन पार्टीतले तीन म्हातारे उरले होते. त्यातला एक रडत रडत माइकवर म्हणाला, "या माणसाचं भाग्य बघा. पोराने आडनाव टाकून बापाचं नाव लावलं. परदेशात नातीला याच्या नावाने हाक मारतात." सगळी वस्ती माझ्याकडे बघत होती. मी हात जोडून बसलो होतो. मला वाटत होतं, आत्ता उठावं आणि सांगावं. मी नाही उठलो.

परत आलो तो रविवार होता. अप्पर हटला कडाक्याची थंडी, अंगणात दहिवर गोठलेलं, डोंगर दिसत नव्हते. बायको झोपली होती, पाळी करून आलेली. मुलीने मला चहा करून दिला. तिने पहिल्यांदाच केला होता, साखर फार पडली होती. ती समोर बसली आणि म्हणाली, कसं झालं सगळं? आणि मी बोलायला लागलो. बोलता बोलता ते आलंच. आडनाव आलं, दोन खोल्या आल्या, गॅझेट आलं, कोकणातलं का हो आलं, फोटो आला. मी ते कुणालाच असं सलग सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. शेवटी मूळ आडनाव मी तिच्यासमोर मोठ्याने उच्चारलं. तिच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. मला वाटलं तिला त्याचं गांभीर्य कळलं नसेल.

मी म्हणालो, "एकच बरं झालं. आजोबांना खरं कारण शेवटपर्यंत कळलं नाही."

ती कपाकडे बघत होती. मग मराठीत म्हणाली, "आजोबांना माहीत होतं, बाबा."

मी म्हणालो, "काय माहीत होतं?"

ती सांगायला लागली. अर्धं मराठीत, अडखळत, अर्धं इंग्रजीत. त्या रविवारी दादांनी जे जे म्हटलं ते तिला सगळं कळलं होतं, आणि मी जे सांगितलं नाही तेही. दुसऱ्या दिवशी तिनेच त्यांना लायब्ररीचं सांगितलं आणि विचारलं, बाबाने नाव का काढलं. आणि दादांनी सांगितलं. खोल्या अंधाऱ्या होत्या म्हणाला तेव्हाच कळलं, दादा म्हणाले. भर दुपारी खोली बघून आला होता. आपणही तरुणपणी असेच फिरलो होतो, आपल्यालाही अंधाऱ्याच मिळाल्या होत्या. मग त्याने नाव बदललं. वस्तीत लोक काय म्हणाले असते? शिकला आणि लाजला, असं म्हणाले असते. त्याला वस्तीत पाय ठेवू दिला नसता. म्हणून कुणी काही बोलायच्या आधी आपणच जिलेबी आणली आणि सांगत सुटलो की बापाचं नाव लावलंय.

"आणि आजी?" मी विचारलं.

"आजीला पण माहीत होतं. आजोबा म्हणाले, आम्ही दोघांनी ठरवलं."

चहा निवला होता. मी कप हातात धरून बसलो होतो आणि मला रडू येत होतं ते मी थांबवलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"आजोबा म्हणाले, सांगू नको. बाबाला वाईट वाटेल."

थोड्या वेळाने तिने फोन पुढे केला. म्हणाली, नदीवर एकदा रेकॉर्ड केलंय. ते शेवटचं गाणं होतं. वारा, पाण्याचा आवाज, तिचं खुदकन हसणं, आणि फोनमधून त्या कोरियन मुलाचा दबका आवाज. त्याची ओळ संपते आणि मागून दादा तिचं शेपूट उचलतात. शब्द सगळे चुकीचे, सूर मात्र बरोबर. तो पुढची ओळ टाकतो, दादा पुन्हा झील धरतात. एकट्याने केलेल्या त्या अल्बमला देहूरोडचा म्हातारा झील धरत होता, आणि माझी मुलगी हसत हसत त्यात आवाज मिसळत होती. मग त्या मुलाने स्वतःचं नाव घेतलं आणि नुसता ठेका उरला.

तिचा आवाज आला, स्पष्ट मराठीत, "आजोबा, आता तुम्ही. नाव."

दादांनी श्वास घेतला आणि सुरात नाव घातलं. त्यांचं स्वतःचं नव्हतं. माझं होतं. माझं नाव, मधे त्यांचं, आणि शेवटी आडनाव, जे मी काढून टाकलं होतं ते.